उत्तर दिशेचा एक दिवस

मराठी भाषेने एका दिशेला आणि प्रश्नाच्या प्रतिवचनाला एकच शब्द दिला आहे. ध्रुवतारा दिसतो ती उत्तर, आणि विचारणाऱ्याचे समाधान करते तेही उत्तर. या महिन्यात वाचकांना ज्या वाटेने न्यावयाचे आहे, तेथे हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेलेले आम्हांस आढळले. ही वाट कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन नावाच्या प्रदेशात आहे. डेम्प्स्टर महामार्ग हे तिचे नाव. ‘महामार्ग’ हा शब्द ऐकून मात्र कुणी डांबरी, चौपदरी रस्त्याची कल्पना करू नये. जवळजवळ सारा रस्ता खडीचा, उन्हात धुळीचा आणि पावसात चिखलाचा आहे.

या रस्त्याचे काम १९५९ साली, पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. उत्तरेकडील तेल आणि खनिजे हाती यावीत, हा त्यामागचा हेतू. मध्यंतरी पैसा आणि उत्साह दोन्ही आटले व काम रेंगाळले. १९६८ साली शेजारच्या अलास्कात तेलाचा मोठा साठा सापडल्यावर त्याला पुन्हा चालना मिळाली आणि अखेर १८ ऑगस्ट १९७९ रोजी रस्ता खुला झाला. इनूविक या गावापर्यंत त्याची लांबी सुमारे ७४० किलोमीटर भरते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून पुढचा फाटाही तयार झाला असून आता मोटार थेट उत्तर ध्रुवीय महासागराच्या काठी, टुक्टोयाक्टुकपर्यंत जाते. आमचा बेत एवढा मोठा नव्हता. डॉसन शहरातून सकाळी निघावे आणि सूर्यास्तापूर्वी आर्क्टिक वृत्त गाठावे, एवढाच एका दिवसाचा संकल्प होता.

आमची पुतणी आणि जावईबापू नोकरीनिमित्त युकॉनमध्ये असतात. मोटार त्यांची, चालवणार ते दोघे, आणि मागच्या आसनावर आम्ही उभयता, अशी ही चौघांची स्वारी. ऑगस्ट संपत आला होता. त्या अक्षांशावर तेव्हा उन्हाळा सरून शरद ऋतू दाराशी आलेला असतो.

प्रथम डॉसनविषयी दोन शब्द. ऑगस्ट १८९६ मध्ये येथून जवळच्या एका ओढ्यात सोने सापडले आणि दोन वर्षांत या ओसाड किनाऱ्यावर तीस हजारांच्या आसपास माणसे लोटली. आज गावात दीड-दोन हजारांची वस्ती उरली आहे. या गर्दीच्या फार पूर्वीपासून येथे ट्रोंडेक ह्वेचिन लोक सामन मासे धरून राहत होते. ‘क्लोंडाइक’ हे जगप्रसिद्ध नावसुद्धा ‘ट्रोंडेक’ या त्यांच्याच शब्दाचा अपभ्रंश आहे. सोन्याच्या मागे धावणाऱ्यांच्या लोंढ्यात आपले काही शिल्लक राहणार नाही, हे त्यांच्या आयझॅक नावाच्या प्रमुखाने ओळखले. त्याने आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड येथे नेले आणि आपली गाणी व नृत्ये अलास्कातील आप्तांकडे सांभाळावयास दिली. दागिने विश्वासाच्या घरी ठेवावेत, तशी गाणी ठेवली! १९९० च्या दशकात त्याच्या वंशजांनी ती तेथून पुन्हा शिकून परत आणली. परमुलखात चार-चार पिढ्या आपली भाषा जपून ठेवणाऱ्या आमच्या वाचकांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

सूर्य उगवता उगवता आम्ही निघालो. चाळीस किलोमीटरवर महामार्गाचा फाटा लागतो. तेथून पुढे ३६९ किलोमीटरपर्यंत पेट्रोल मिळत नाही. दुकान नाही, दवाखाना नाही, वस्ती नाही, मोबाइलला संदेशही नाही. त्यामुळे टाकी काठोकाठ भरलेली, एकाऐवजी दोन स्टेपन्या, पाण्याचे डबे, ब्लँकेटे आणि बडोद्याच्या सवयीप्रमाणे दशम्यांच्या जोडीला ठेपले, असा सारा सरंजाम होता. हे खाद्य मोटारीबाहेर उघडे ठेवावयाचे नाही, अशी पुतणीची सक्त ताकीद होती. अस्वलाचे नाक फार तिखट असते.

पहिले पन्नास-साठ किलोमीटर रस्ता दाट अरण्यातून जातो. एका बाजूस उंच, काळपट हिरवे स्प्रूस वृक्ष. दुसऱ्या बाजूस पांढऱ्या सालीचे बर्च आणि सळसळणारे ॲस्पेन. त्यांची पाने नुकतीच सोनेरी होऊ लागली होती. मात्र थोड्याच वेळात एक गोष्ट ध्यानात आली. झाडे ठेंगणी होत चालली होती. आधी बर्च मागे पडले, मग ॲस्पेन. स्प्रूस तेवढा सोबत राहिला. पण तोही पुरुषभर उंचीचा, मग कमरेएवढा, आणि शेवटी एखाद्या घळीत वारा चुकवून बसलेला एखाददुसरा. एकाहत्तराव्या किलोमीटरजवळ टूम्बस्टोन उद्यानाचे माहिती केंद्र आहे. सुमारे बावीसशे चौरस किलोमीटरचे हे उद्यान ट्रोंडेक ह्वेचिन लोकांशी झालेल्या करारातून उभे राहिले. पलीकडच्या टेकाडावरून दरीच्या टोकाशी काळ्या दगडाचा टूम्बस्टोन सुळका दिसला. सह्याद्रीचे कडे पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांनाही तो अनोळखी वाटला. त्याच्या अंगावर हिरवे म्हणावे असे काही नव्हते.

पुढे नॉर्थ फोर्क खिंड लागते. सुमारे तेराशे मीटर उंचीची ही खिंड म्हणजे या महामार्गाचा सर्वोच्च भाग. आमच्या घाटांच्या मानाने ही उंची काही विशेष नव्हे. महत्त्व आहे ते पाण्याच्या वाटणीला. खिंडीच्या दक्षिणेला पडलेला पावसाचा थेंब क्लोंडाइक आणि युकॉन नद्यांतून बेरिंग समुद्राला मिळतो. उत्तरेला पडलेला थेंब ब्लॅकस्टोन, पील आणि मॅकेंझी या नद्यांतून उत्तर ध्रुवीय महासागराला जातो. झाडे येथे संपली. समोर पसरला तो टुंड्रा.

झाडे का संपतात, याचे कारण केवळ थंड हवेत नाही. ते पायांखालीही आहे. या प्रदेशात वरचा हात-दोन हात मातीचा थर उन्हाळ्यात तेवढा मोकळा होतो. त्याखालची जमीन हजारो वर्षे दगडासारखी गोठलेली आहे. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. झाडाचे मूळ त्या बर्फात शिरू शकत नाही. म्हणून ते आडवे पसरते आणि मिळेल तेवढ्या मातीवर निर्वाह करते. मनगटाएवढ्या जाडीचा काळा स्प्रूस शंभर वर्षांचा असू शकतो. खालचा बर्फ कुठे वितळला, की आधार सुटून झाडे हवी तशी कलतात. अशा रानाला तेथे ‘झिंगलेले रान’ म्हणतात. पाहताना हसू येते. कारण कळले की हसू मावळते.

रस्ता बांधणाऱ्यांनाही ह्याच बर्फाशी जुळवून घ्यावे लागले. आपल्याकडे रस्ता करताना आधी जमीन खणतात, झाडोरा काढतात. येथे तसे केले, तर उघडी पडलेली जमीन वितळून चिखल होते आणि रस्ता तिच्यात बुडतो. म्हणून शेवाळ आणि गवत जसेच्या तसे ठेवून त्यावर सव्वा ते अडीच मीटर जाडीचा खडीचा थर घातला आहे. खालच्या थंडीवर पांघरलेली ही जणू गोधडीच. फरक एवढाच, की ऊब आत राहावी म्हणून आपण गोधडी घेतो आणि ऊब आत शिरू नये म्हणून ही घातली आहे. जमीन गोठलेली आहे तोवर रस्ता उभा आहे.

खिंडीपलीकडचे ब्लॅकस्टोन पठार हा या दिवसाचा रंगोत्सव होता. वीतभर उंचीचे बुटके बर्च तांबडेलाल झाले होते, विलोची झुडपे पिवळी, आणि जमिनीसरपटत वाढणारी बेअरबेरी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. पाय ठेवावा तेथे निळी आणि लाल फळे. एका तळ्याच्या काठी उतरून आम्ही पाहिले, तो दगडांवर करडी-हिरवी नक्षी दिसली. आमच्या गृहिणीने ती चटकन ओळखली. “हे तर दगडफूल!” गोडा मसाला करताना आपण जे दगडफूल घालतो, त्याच्याच गोत्रातले हे. येथे जमिनीवर वाढणाऱ्या पांढुरक्या दगडफुलावर कॅरिबू नावाची रानहरणे सारा हिवाळा काढतात. खुरांनी बर्फ उकरून ते खातात. पॉर्क्युपाइन नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या कळपात २०१७ च्या गणनेनुसार दोन लाखांहून अधिक जनावरे होती. वसंतात हा कळप समुद्रकिनाऱ्याच्या मैदानाकडे वीण घालावयास जातो आणि शरदात पुन्हा दक्षिणेकडे वळतो. आम्हांला मात्र त्या दिवशी त्यांच्या जुन्या पायवाटाच दिसल्या. डोंगराच्या अंगावर समांतर कोरलेल्या, असंख्य पिढ्यांच्या खुरांनी झिजलेल्या त्या रेघा होत्या.

दुपारी ओगिल्व्ही पर्वतांत शिरलो आणि देखावा पुन्हा पालटला. रंग गेले, उरले करड्या चुनखडीचे, ढासळत्या दगडांचे नागडे डोंगर. हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाच्या प्रचंड थरांखाली दबलेला असताना हा टापू कोरडा असल्यामुळे बर्फावाचून राहिला. येथून सैबेरियापर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशात केसाळ हत्ती चरत होते. हिमनद्यांनी न घासलेले हे डोंगर म्हणूनच इतके जीर्ण दिसतात. त्यांच्या माथ्यावर पडक्या किल्ल्याच्या बुरुजांसारखे सुळके उभे आहेत. पायथ्याशी वाहणारा इंजिनिअर ओढा लोहक्षारांमुळे गंजासारखा तांबडा झालेला, आणि हवेत गंधकाचा वास.

याच भागात आमचे मागचे चाक बसले. येथील दगड पाटीच्या कपचीसारखा धारदार असतो. स्टेपनी होती, जॅक होता. पण जॅकखालची खडी सरकत होती. तासाभरात दिसलेला पहिला ट्रक आमच्याजवळ येऊन थांबला. या रस्त्यावर थांबलेल्या मोटारीला विचारपूस केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, हा अलिखित नियमच आहे. चालक फोर्ट मॅकफर्सनकडचे, ग्विचिन जमातीचे, साठीच्या पुढचे गृहस्थ होते. त्यांनी एक जाड फळी काढून जॅकखाली घातली आणि वीस मिनिटांत चाक बदलून झाले. मोबदला त्यांनी घेतला नाही. दशम्या मात्र आवडीने घेतल्या. गूळ घातला आहे, हे ऐकून आणखी एक मागून घेतली.

बोलता बोलता जावईबापूंनी कॅरिबूंविषयी विचारले. ते म्हणाले, “पहिली जनावरे आली की आम्ही त्यांना हात लावत नाही. ती म्होरकी असतात. त्यांना वाट माहीत असते. त्यांना मारले, तर मागचा कळप वाट चुकतो.” मग रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आमच्याकडचा रस्ता आता दरवर्षी कुठे ना कुठे खचतो. डोंगराचे तुकडे घसरून ओढ्यात येतात. लहानपणी आम्ही हे पाहिले नव्हते.” एवढे बोलून त्यांनी हात हलवला आणि धूळ उडवीत ते दक्षिणेला गेले. फोर्ट मॅकफर्सनजवळच्या पठारावर बर्फ वितळून होणाऱ्या अशा प्रचंड घसरणींचा शास्त्रज्ञ अनेक वर्षे अभ्यास करीत आहेत. हवामान तापते आहे, हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो. ज्यांच्या घराची वाटच बर्फावर उभी आहे, त्यांच्या तोंडून ते ऐकताना निराळे वाटते.

ओगिल्व्ही नदीच्या काठाने काही अंतर जाऊन रस्ता चढणीला लागतो आणि एका लांबच लांब पठाराच्या कण्यावरून धावू लागतो. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत विरळ, खुरटे स्प्रूस; मध्येच वणव्यात जळालेल्या खोडांचे काळे पट्टे. घर नाही, धूर नाही, विजेची तार नाही. एवढे विस्तीर्ण आणि एवढे निर्मनुष्य काही आम्ही जन्मात पाहिले नव्हते. सायंकाळी सहाच्या सुमारास ईगल प्लेन्स येथे पोहोचलो. गाव म्हणावे असे येथे काही नाही. एक विश्रामगृह, पेट्रोलचा पंप आणि दुरुस्तीचे गॅरेज. नेमकी हीच जागा का निवडली, हे ऐकण्यासारखे आहे. येथे मूळ खडक जमिनीच्या वरपर्यंत आला आहे. त्यामुळे इनूविकमधल्या इमारतींप्रमाणे बर्फात खोल खांब रोवून त्यांवर घर उचलून धरण्याची गरज पडली नाही.

विश्रामगृहाच्या भिंतींवर जुनी छायाचित्रे लावलेली आहेत. त्यांत एका हरवलेल्या तुकडीची हकिकत आहे आणि या महामार्गाच्या नावाचा उगमही तिच्यातच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिसांची एक तुकडी दर हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून फोर्ट मॅकफर्सन आणि डॉसन यांच्या दरम्यान टपाल नेत असे. वाट सुमारे साडेसातशे किलोमीटरांची. आजच्या महामार्गाहून पुष्कळशी पूर्वेकडून जाणारी. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तिघा साथीदारांसह निघाले. वेगाने जाता यावे म्हणून त्यांनी शिधा कमी घेतला होता. वाटाड्या म्हणून कार्टर नावाचा माजी शिपाई होता. पण त्याने ही वाट चार वर्षांपूर्वी एकदाच, आणि तीही उलट दिशेने पाहिली होती. वाटेत ईसॉ जॉर्ज नावाचा एक ग्विचिन भेटला. त्याने त्यांना काही दिवस बरोबर नेले. १ जानेवारीला फिट्झजेराल्ड यांनी त्याची मजुरी चुकती करून त्याला निरोप दिला.

पुढे ज्या ओढ्यापाशी वळावयाचे होते, तो ओढा त्यांना सापडला नाही. दिवसामागून दिवस शोधण्यात गेले. १८ जानेवारीला ते मागे फिरले, तेव्हा शिधा जवळजवळ संपला होता. एकेक करून गाडीची कुत्री मारून खावी लागली. फेब्रुवारीच्या अखेरीस डॉसनहून कॉर्पोरल डेम्प्स्टर त्यांच्या शोधास निघाले. त्यांच्या सोबत चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. मार्चच्या २१ आणि २२ तारखांना चौघांचे देह सापडले. शेवटचे दोघे फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या चाळीस किलोमीटरवर होते. शूर माणसे होती, यात शंका नाही. पण त्या वाटेचे ज्ञान ज्याच्या डोक्यात होते, त्याला त्यांनी नववर्षाच्या दिवशीच घरी पाठवले होते.

ही हकिकत वाचून बाहेर आलो, तो दिवस अजून उजेडाचाच होता. आणखी छत्तीस किलोमीटर गेल्यावर, महामार्गाच्या ४०५ व्या किलोमीटरवर, आर्क्टिक वृत्ताची पाटी आली. आठ वाजले होते. वाऱ्याने मोटारीचे दार धड उघडेना. पूर्वेस रिचर्डसन पर्वतांची मऊ, बिनझाडांची रांग उतरत्या उन्हात केशरी झाली होती, आणि झाड म्हणावे असे पंचक्रोशीत फारच थोडे उरले होते.

येथे शाळेतला भूगोल आठवला. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. म्हणूनच साडेतेवीस अंशांवर कर्कवृत्त आणि नव्वदांतून तेवढे वजा करून साडेसहासष्ट अंशांवर हे वृत्त. गुजरात आणि मध्य प्रदेशातून जी रेघ जाते, तिची ही सख्खी बहीण. आमच्या बडोदे-इंदूरकडच्या वाचकांना ज्या कलामुळे जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर दिसतो, त्याच कलामुळे येथे २१ जूनला सूर्य मावळत नाही. आणखी एक नवल असे, की हा कल अत्यंत सावकाश कमी होत असल्याने आर्क्टिक वृत्त दरवर्षी सुमारे साडेचौदा मीटर उत्तरेकडे सरकत असते. पाटी आहे तेथेच उभी राहते. रेघ पुढे चालत असते. पाऊण तास आम्ही तेथे होतो आणि साडेनऊला, सूर्य टेकत असताना, विश्रामगृहात परतलो.

मुलेबाळे कॅनडात असलेली घरे आता आपल्यात पुष्कळ झाली आहेत. त्यांच्याकडे गेलेली वडीलधारी मंडळी नायगारा पाहून येतात, ते योग्यच आहे. अंगात बळ असेल, तर एक दिवस या वाटेलाही द्यावा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. रंग हवे असतील तर ऑगस्टचा शेवट. वसंतात बर्फ फुटताना आणि हिवाळ्याच्या तोंडाशी नद्या गोठताना पलीकडची नदीवाहतूक काही आठवडे बंद असते. दोन स्टेपन्या घ्याव्यात, टाकी भरल्याशिवाय फाटा ओलांडू नये, थांबलेल्या मोटारीपाशी थांबावे. आणि गावात निघताना, पंपावर, वाटेत जो कुणी तेथला माणूस भेटेल त्याला पुढची वाट कशी आहे, हे अवश्य विचारावे. त्या दिशेला उत्तर मिळते ते विचारणाऱ्यालाच.